ऑफिसच्या लाइनवरून फॅक्स पाठवला की समोर आडवे पट्टे येतात, आकडे वाचता येत नाहीत. मशीन बदलावं का?

नका बदलू. निदान लाइन तपासल्याशिवाय तरी नका.

तुम्ही लिहिलंय की चाकणला तुमचं छोटं वर्कशॉप आहे, जपानी ग्राहक सही-शिक्क्याचे कागद अजून फॅक्सवरच मागतो. मशीनवर कॉपी काढली तर स्वच्छ येते, पण त्याच्याकडे पोचलेल्या पानावर आडवे पट्टे असतात, मधले आकडे फाटलेले असतात, कधी पान अर्ध्यावरच तुटतं. लाइन हल्लीच तांब्यावरून फायबरवर गेली. आणि वेंडर म्हणतो, मशीन जुनं झालं, नवीन घ्या. वेंडर दुसरं काय म्हणणार? तो मशीन विकतो, लाइन विकत नाही.

कॉपी स्वच्छ येते ना, मग काच, सेन्सर, रोलर सगळं शाबूत आहे. पानभर उभी काळी रेघ येत असती तर मीच म्हटलं असतं की झाकण उघडा, स्कॅनरच्या काचेवर व्हाइटनरचा ठिपका बसलाय, स्पिरिटच्या बोळ्याने पुसा. कागद त्या ठिपक्यावरून सरकत जातो, म्हणून एवढासा ठिपका वरपासून खालपर्यंत रेघ ओढतो. पण अशी रेघ कॉपीतही दिसते. अक्षरं पुसट येत असतील तर कॉन्ट्रास्ट बघा, नाहीतर समोरच्याचा टोनर संपलाय. लाइनमुळे अक्षर पुसट होत नाही. लाइन एक तर ठिपका पोचवते, नाहीतर गमावते, फिका करून पोचवत नाही. आणि आडवा पट्टा हे लाइनचंच काम.

हे मी इतक्या ठामपणे लिहितोय कारण याच वाक्यावरून नोकरीत असताना मी आमच्या ब्रँच मॅनेजरांशी वैर घेतलं होतं, आणि ते साहेब आजही चारचौघांत उलटंच सांगतात.

२००२ चा पावसाळा. मी न्हावा शेवा बंदराजवळ एका क्लिअरिंग एजंटच्या, म्हणजे लोकांचा माल कस्टममधून सोडवून देणाऱ्याच्या, ब्रँचमध्ये होतो. हेड ऑफिस मुंबईत, बॅलार्ड इस्टेटला. आमचं दिवसभराचं काम म्हणजे कागद. इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, बिल ऑफ लेडिंग (जहाजावर माल चढल्याची पावती), शिपिंग लाइनचा डीओ (माल सोडायचा हुकूम). ब्रँचला कागद आला की हेड ऑफिसला फॅक्स, तिथून सही होऊन परत फॅक्स. इमेल होती, पण ती हेड ऑफिसातल्या एकाच कॉम्प्युटरवर, आणि त्या कॉम्प्युटरचा पासवर्ड ज्याच्याकडे तो बहुतेक वेळा कस्टम हाउसला. फॅक्स बिघडला की पोऱ्याला मोरा बंदरावर पिटाळायचं, तिथून लाँचने भाऊच्या धक्क्याला. ओहोटी असली की मोऱ्याला गाळात लाँच लागत नाही, मग बसा पाण्याची वाट बघत. रस्त्याने जायचं तर तेव्हा पनवेल-वाशीचा वळसा.

त्या पावसाळ्यात आमचे फॅक्स घाण जायला लागले. पान पोचायचं, पण मध्ये मध्ये बोटभर रुंदीचा काळा-पांढरा चिवडा. आणि चिवडा नेमका आकड्यांवर. कंटेनर नंबर म्हणजे चार अक्षरं आणि सात आकडे. त्यातला शेवटचा आकडा चौकटीत असतो, तो आधीच्या दहा जागांचा ताळा असतो, म्हणजे त्यांच्यावरून गणिताने काढलेला. एकदा आमच्या पानावरच्या ३ चा हेड ऑफिसात ८ झाला. तिथे कोणी ताळा करून बघितला असता तर नंबर चुकलाय हे जागच्या जागी कळलं असतं, पण नाही बघितला. त्या नंबरवर अर्ज गेला, शिपिंग लाइनने परत पाठवला, मध्ये शनिवार-रविवार आला, आणि कंटेनर सीएफएसमध्ये (बंदराबाहेरच्या कंटेनर यार्डात) ग्राउंड रेंट, म्हणजे जागेचं भाडं, खात उभा राहिला. पार्टी भडकली. बोलणी मला, कारण पानावर 'पाठवणार' म्हणून सही माझी.

साहेबांनी मशीनकडे बघितलं आणि निकाल दिला. "मशीन गेलं. वेंडरला बोलव."

वेंडरचा पोरगा आला, थर्मल हेड पुसलं, बिल फाडलं, गेला. आता थर्मल हेड छापायला असतं हो! आमची तक्रार पाठवण्याची. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. मी तेवढं बोललो, तर साहेब म्हणाले, "तू फॅक्सचा इंजिनिअर आहेस का?"

नव्हतो. पण आमच्या खालच्या मजल्यावर एका ट्रान्सपोर्टवाल्याचं ऑफिस होतं, त्याची लाइन वेगळी. जेवणाच्या सुट्टीत मी आमचं मशीन उचललं, खाली नेलं, त्याच्या रोझेटमध्ये (भिंतीवरच्या फोनच्या सॉकेटमध्ये) वायर खुपसली आणि सकाळचंच पान हेड ऑफिसला परत पाठवलं. तिकडून फोन आला, "आज काय केलंत? छापल्यासारखं आलंय." तेच मशीन, तेच पान, समोर तेच मशीन. बदलली फक्त लाइन. यापुढे वाद उरतो का? उरतो. साहेब म्हणाले, "एकदा चांगलं गेलं म्हणून काय झालं, मशीन तापल्यावर बिघडत असेल."

मग मी लाइन ऐकायला बसलो. ही चाचणी फुकट आहे, तांब्याची लाइन असलेल्या कोणालाही करता येते: रिसीव्हर उचलायचा, डायल टोन तोडायला एक आकडा दाबायचा, आणि गप्प ऐकायचं. चांगल्या लाइनवर काही ऐकू येत नाही. आमच्या लाइनवर तव्यावर पाणी टाकल्यासारखं तडतडत होतं, आणि त्याखाली संथ गुणगुण. तडतड म्हणजे कुठेतरी जॉइंट सैल किंवा खाल्लेला. गुणगुण म्हणजे विजेच्या तारेची सोबत. आमची चपटी वायर फॉल्स सीलिंगमध्ये ट्यूबलाइटच्या चोकला चिकटून, एसीच्या केबलबरोबर नेलेली होती. ती मी एका रविवारी ओढून दुसऱ्या भिंतीने घेतली. गुणगुण गेली.

तडतडीसाठी लाइनमन आला. वयस्क, उरणचाच. त्याने रस्त्यावरच्या खांबावरचा डीपी (तारा जोडायची पेटी) उघडला, वायर खाली ओढली आणि जॉइंटवरची काळी टेप सोडली. आत तांबं नव्हतंच. हिरवी भुकटी होती. त्याने दोन बोटांत धरून वाकवली आणि वायर बिस्किटासारखी तुटली. म्हणाला, "खारा वारा तांबं खातो, भाऊ. इथे दर पावसाळ्यात हेच." खांबापासून ऑफिसपर्यंत नवीन ड्रॉप वायर ओढली, जॉइंट काढूनच टाकला. ऑफिसातला रोझेटही बदलला, त्यात मुंग्यांनी घर केलं होतं.

लाइन शांत झाली. पट्टे कमी झाले. पण संपले नाहीत, आणि इथून खरी गंमत.

मशीन दर पानाला एक रिपोर्ट छापायचं: वेळ, नंबर, किती सेकंद लागले. मी हेड ऑफिसला सांगून ठेवलं की चिवडा आलेलं पान फेकू नका, पोऱ्याबरोबर परत पाठवा. ती पानं रिपोर्टशेजारी ठेवली. फॅक्समध्ये पान वरून खाली एकेक ओळ करून जातं. एका ओळीत १७२८ ठिपके, फाइन मोडमध्ये (बारीक अक्षरांसाठीच्या) इंचाला सुमारे दोनशे ओळी. पानाला साधारण मिनिट लागत असेल आणि चिवडा दोन तृतीयांश खाली असेल, तर गडबड चाळिसाव्या सेकंदाच्या आसपास झाली, इतकं सोपं गणित. (पूर्ण खरं नाही. कोऱ्या ओळी लवकर जातात, लिहिलेल्या उशिरा. पण अंदाजाला पुरतं.) मी घड्याळ बघून पान टाकायला लागलो आणि गडबडीच्या वेळेला ऑफिसात कोण काय करतंय ते बघायला लागलो.

साहेबांच्या केबिनमध्ये त्याच लाइनचा पॅरलल फोन होता. साहेबांना फोन करायचा असला की ते रिसीव्हर उचलायचे, लाइन मोकळी आहे का बघायला. फॅक्स चालू असला की कानात कर्कश आवाज, मग ठेवून द्यायचे. परत मिनिटाने उचलायचे. उचलला की लाइनवरचा आवाज एकदम पडतो, वर केबिनमधला पंखा, साहेबांचा श्वास, सगळं माउथपीसमधून लाइनवर. पानावर एक चिवडा. ठेवला की खाडकन आवाज, परत चिवडा. मी दाराशी उभा असताना एकदा त्यांनी उचलला, कपाळाला आठ्या घातल्या आणि मला म्हणाले, "ऐक, ऐक काय चिरकतंय. आणि तू म्हणतोस मशीन चांगलं आहे!"

आता अशा वेळी माणसाने काय बोलावं?

मी सांगितलं, अगदी नम्रपणे, की साहेब, तुमचा फोन मशीनच्या पाठीमागच्या टेल जॅकमधून घेऊ. आमच्या मशीनमध्ये ती सोय होती: फॅक्स चालू असताना त्या जॅकवरचा फोन तुटायचा, म्हणजे उचलला तरी पानाला धक्का नाही. साहेबांनी जे उत्तर दिलं ते मी जन्मात विसरणार नाही. "म्हणजे मॅनेजरचा फोन फॅक्सच्या पाठून? आधी मशीन, मग मी?" वायरिंगचा प्रश्न मानाचा झाला की तो वायरिंगने सुटत नाही. शेवटी लाइनमन दुसऱ्या एका तक्रारीसाठी बिल्डिंगमध्ये आला होता, त्याला मी चहा पाजला आणि त्याने केबिनमध्ये जाऊन सांगितलं, "साहेब, असं पॅरलल ठेवायचं नसतं, लाइनला लोड येतो." माझ्या तोंडून आलं तेव्हा ते उद्धटपणा होतं, त्याच्या तोंडून आलं तेव्हा नियम झालं. दहा मिनिटांत फोन टेल जॅकवर.

त्या दिवसापासून चिवडा बंद. एकही पान परत आलं नाही.

आणि त्याच आठवड्यात हेड ऑफिसने मंजूर केलेलं नवीन मशीन येऊन पोचलं. साहेबांनी आधीच अर्ज टाकला होता. झालं. सगळ्यांच्या डोक्यात एकच बसलं: नवीन मशीन आलं, फॅक्स सुधारले. हेड ऑफिसच्या मीटिंगमध्ये साहेबांनी तसं सांगितलं, टाळ्या घेतल्या. आता सगळे निवृत्त झालोत, जुन्या स्टाफचा व्हॉट्सॅप ग्रुप आहे, तिथेही कोणी न्हावा शेव्याच्या आठवणी काढल्या की साहेब लिहितात, "मी मशीन बदललं आणि ब्रँच मार्गी लागली." खाली अंगठे. मी आजवर काही लिहिलं नाही.

म्हणून इथे लिहितो. ते 'गेलेलं' मशीन भंगारात नाही गेलं. ते शिवडीच्या आमच्या गोडाउनला दिलं. तिथे त्याच्यावर वर्षानुवर्षं गेट पास आणि माल उतरल्याच्या याद्या गेल्या, आणि ते बंद केलं तेव्हा थर्मल रोल मिळेनासे झाले होते म्हणून बंद केलं. बिघडलं म्हणून नव्हे. ज्याला शंका असेल त्याने गोडाउनकीपरला विचारावं.

असो. तुमचं राहिलंच.

तुमची लाइन फायबरवर आहे, तर वरची तडतड-गुणगुण तुम्हाला फारशी लागू नाही. खांबावरचा तांब्याचा जॉइंटच गेला. मात्र फायबरच्या डब्यापासून मशीनपर्यंतची वायर अजून तांब्याचीच आहे, आणि पॅरलल फोन, ईपीएबीएक्सचं (ऑफिसच्या आतल्या एक्स्चेंजचं) एक्स्टेन्शन, कॉल वेटिंगचा बीप हे सगळे चोर जसेच्या तसे आहेत. पहिलं काम: मशीन ईपीएबीएक्समधून काढा आणि एकट्याने, छोट्या वायरने, थेट डब्याच्या फोन पोर्टला लावा. कॉल वेटिंग बंद करा. मग पान पाठवा.

तरीही पट्टे आले तर दोष आवाज पाठवायच्या पद्धतीचा. फायबरवर आवाजाचे तुकडे करून पाकिटं पाठवतात, एक पाकीट साधारण २० मिलिसेकंदांचं. बोलताना एखादं हरवलं तर कानाला पत्ता लागत नाही. पण सेकंदाला ९६०० बिटच्या वेगाने फॅक्स चालू असेल तर त्या एका पाकिटात १९२ बिट असतात. वर फॅक्समध्ये पान दाबून, म्हणजे कमी बिटांत बसवून, पाठवायची जी पद्धत आहे, तीत पुढची ओळ मागच्या ओळीच्या आधाराने लिहिलेली असते. एक ओळ बिघडली की खालच्या दोन-तीन तिच्याबरोबर जातात. फाइन मोडमध्ये दर चौथी ओळ नव्याने लिहितात, तिथे सावरतं. तुमच्या पट्ट्याची जाडी इथून येते. म्हणून 'फोन तर स्वच्छ ऐकू येतो' हे कस्टमर केअरचं म्हणणं ऐकून परत फिरू नका. त्यांना दोन गोष्टी विचारा: आवाज जी.७११ मध्ये (जवळपास जसाच्या तसा) जातो की जी.७२९ मध्ये (दाबून), आणि टी.३८, म्हणजे फॅक्स आवाज म्हणून न पाठवता डेटा म्हणून पाठवायची सोय, चालू आहे का. जी.७२९ माणसाच्या बोलण्यासाठी दाबून केलेलं आहे, त्यातून फॅक्सचा सूर जिवंत बाहेर पडत नाही. कदाचित पहिल्या माणसाला यातलं काही कळणार नाही. वरच्याकडे द्या म्हणा.

मशीनमध्ये वेग ९६०० वर आणा, नाही जमलं तर ४८००. परदेशी कॉल असल्याने 'ओव्हरसीज' मोड असेल तर तो लावा. काही मशीनमध्ये 'बेसिक, व्हीओआयपीसाठी' असं लिहिलेलं सेटिंग असतं, ते वेग कमी करतं आणि ईसीएमही बंद करतं. ईसीएम म्हणजे चुकलेला तुकडा परत मागवायची सोय. इथे माझं मत इतरांपेक्षा वेगळं आहे. बरेच जण सांगतील की इंटरनेटच्या लाइनवर ईसीएम बंद करा म्हणजे पान पूर्ण जाईल. जाईल, पण चिवड्यासकट जाईल. तुमच्याकडे पट्टे दिसतायत याचाच अर्थ आत्ता ईसीएम एका बाजूला तरी बंद आहे. चालू असतं तर पान स्वच्छ गेलं असतं, नाहीतर गेलंच नसतं. ड्रॉइंगवरचं माप ३.८ चं ८.८ होऊन जपानला पोचण्यापेक्षा न पोचलेलं बरं. चालू करा. ग्राहकालाही त्याच्या बाजूला चालू करायला सांगा. कॉल लांबेल, लांबू दे.

एक मात्र कबूल करायला हवं: दोष समोरच्या बाजूचाही असू शकतो, तिथली लाइनही आता इंटरनेटवर असेल. दुसऱ्या कोणाला तरी तेच पान पाठवून बघा. आणि तुमचं मशीन खरंच पार जुनं असेल, त्यात ईसीएमच नसेल, तर ईसीएम असलेलं सेकंडहँड घ्यायला माझी हरकत नाही. तेवढ्यापुरता वेंडर बरोबर. पण आधी मशीन उचलून शेजारच्या तांब्याच्या लाइनवर नेऊन एक पान पाठवा. अशी लाइन अजून आसपास कोणाकडे असेल तर. तिथून स्वच्छ गेलं तर तो कागद तारीख घालून फाइलला लावा, वेंडरचं कोटेशन त्याच्याखाली.

आणि तुमच्या ऑफिसात 'लाइन मोकळी आहे का बघतो' म्हणून मध्येच रिसीव्हर उचलणारा कोणी असेल, तर तो कोणत्या केबिनमध्ये बसतो हे मला कळवायची गरज नाही.